सोब्याच्या चाळण्या आणि वाटेची पाटी

६ जानेवारी, संध्याकाळ
वाडीची बैठक. वाटेची पाटी कुणाच्या दारावर, यावरून नेहमीचा घोळ. ज्याच्या दारावर पाटी, त्याने सकाळी सात-दहाच्या बसआधी स्टॉपपर्यंतचा बर्फ तुडवून वाट करायची. घरं पाचच, त्यामुळे फिरून फिरून आपणच. मी उठून सांगितलं, पाटी हिवाळाभर माझ्याकडे टांगा. नाहीतरी रिटायर झाल्यावर बर्फावर चालायचा छंद लावून घ्यायचाच होता, सराव फुकटात होईल. टाळ्या! शेजारच्या हारुनो आजींच्या डोळ्यांत पाणी. त्यांना सोम-बुध-शुक्र डायलिसिस असतं, बस चुकून चालत नाही. माझ्या बायकोने, मित्सुएने, टाळ्या वाजवल्या नाहीत. लाजली असेल.

८ जानेवारी
दुकानात बर्फावर चालायच्या जोड्याची किंमत बत्तीस हजार येन. मित्सुए मला महिन्याला हातखर्चाला वीस हजार देते. म्हणाली, माझ्या आईचे लाकडी कांजिकी आहेत की खुंटीवर, ते बांधा पायाला. छे! बर्फावर चालायची ती जुनी लाकडी कडी, त्यात बायकी साइज. शिवाय नवशिक्याने आधुनिक विचार करावा. स्वयंपाकघरात सोब्याच्या नूडल्स निथळायच्या बांबूच्या दोन चाळण्या दिसल्या. वर्षअखेरचा सोबा खाऊन झालाय, आता त्या डिसेंबरपर्यंत बेकारच. सायकलच्या जुन्या ट्यूबने बुटांना बांधल्या. खर्च शून्य. मित्सुए एवढंच म्हणाली, अहो, पहाटे पाचला उठावं लागतं. म्हटलं, ते माझ्यावर सोड.

९ जानेवारी
गजर वाजला नसावा, जाग आली तेव्हा सहा-चाळीस. रात्रभरात दोन फूट बर्फ. तरी चाळण्या घालून निघालो आणि काय सांगू, घोट्याएवढासुद्धा रुतलो नाही! पहिल्याच दिवशी! पायाखाली फरशी असावी तसं. वाटेवर अंडाकृती खुणा होत्या. ससा असावा. बराच मोठा.

१४ जानेवारी
गजराने पुन्हा दगा दिला. काही बिघडत नाही, मी आता वीस मिनिटांत स्टॉप गाठतो. हारुनो आजींना दर खेपेला वेळेवर बस मिळते. ‘कमी खर्चात बर्फावर’ ही पुस्तिका लिहायला घेतली. पहिलं वाक्य झालं.
ससा रोज येतो. आमच्या दारापासूनच निघतो, हे विशेष.

२१ जानेवारी
मित्सुएचे बूट रोज सकाळी दारात ओले. छप्पर गळतंय का बघायला हवं. हल्ली ती जेवताना पेंगते. वय झालं.
पुस्तिका: दुसरं वाक्य उद्या.

२९ जानेवारी
मेहुणा शिगेझो चहाला आला. वाडीप्रमुख झाल्यापासून फार शहाणा. त्याला म्हटलं, तुमची ती लाकडी कडी आता म्युझियमला द्या. तो म्हणाला, दाजी, मग रविवारी शेतातून देवळापर्यंत चालून दाखवा. तिथे यंदा कुणी पाय ठेवलेला नाही. हरलात तर पाटी पुढच्या वर्षीही तुमच्याच दारावर. मी लगेच हो म्हटलं. मित्सुए चहा ओतता ओतता थांबली आणि भावाला म्हणाली, पैज कुणाच्या जिवावर लावतोयस रे? बिचारीला माझी किती काळजी.

१ फेब्रुवारी, रविवार
तिसऱ्या पावलाला छातीपर्यंत आत. चाळण्या तिथेच राहिल्या. शेतातल्या बर्फाचा दर्जा फारच खराब, आमच्या वाटेवरचा उत्तम असतो. सगळी वाडी काठावर उभी. शिगेझो ओरडला, दाजी, देऊळ वर आहे, खाली नाही! हारुनो आजीसुद्धा हसल्या. मग मित्सुए आली. आईचे कांजिकी घालून, अगदी सरसर, आणि तिने मला फावड्याने खणून काढलं. ती परत गेली तेव्हा मागे बर्फावर अंडाकृती खुणा उमटल्या.
सशाबद्दल यापुढे लिहिणार नाही.

त्याच दिवशी, रात्री ८
मित्सुए म्हणाली, माझी कंबर धरलीय, उद्या मी झोपणार. भांडण नाही, काही नाही, ताट उचललं आणि गेली. बाहेर बर्फ सुरू आहे. उद्या सोमवार. लाज वाटली. खरंच वाटली.

२ फेब्रुवारी
साडेचारला गजर वाजला. म्हणजे तो वाजतो. मित्सुएने पांघरुणातूनच सांगितलं, दोरी टाचेमागून घ्या, पुढून नाही. कांजिकी बरोबर बसले. पाच वेळा पडलो, एकदा आमच्याच कुंपणात. स्टॉपला पोचलो तेव्हा सातला दोन कमी. मागे वळून पाहिलं तर वाट कुणीतरी पिऊन केल्यासारखी, पण होती. त्या वाटेने काठी टेकत हारुनो आजी आल्या. मी छाती काढून उभा राहिलो. बस आली. पायरी चढता चढता त्या म्हणाल्या, अरे कुनिहारू, आज वाट अशी वाकडीतिकडी कशी? मित्सुएला बरं नाही का?
म्हटलं, हो, जरा कणकण आहे.