हयातीची खूण

सोमवार, ३ तारीख

आज मी कामाला लागले. वय अडुसष्ट. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच, आणि आता माझ्या गळ्यात फोटोचं ओळखपत्र आहे, लाल दोरीचं. येताना बसमध्ये ते मुद्दाम शालीच्या वर काढून ठेवलं. कोणी बघितलं नाही ती गोष्ट वेगळी.

ही वही नातीने दिली. तिला बटण म्हणतात. जन्मली तेव्हा एवढीशी होती, मुठीत मावेल अशी. तिचे आईबाप गेल्यापासून ती माझ्याकडेच, आता कॉलेजात आहे. पहिल्या पानावर तिने जांभळ्या शाईने लिहिलंय, 'आजीची नोकरी. इतरांनी लुडबुड करू नये.' रोज चार ओळी लिहायच्या अशी तिची अट. चार ओळींत माझं काय भागतंय!

तर नोकरी. पाणी पुरवणाऱ्या कंपन्यांवर लक्ष ठेवणारं सरकारी मंडळ आहे. दर किती घ्यावा, नळाला कसलं पाणी सोडावं, ते बघतं. आमचे हे तिथेच एकतीस वर्षं लिफ्ट चालवायचे. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. आता मंडळाने नवी माणसं भरायचं काम आणि जुन्यांची पेन्शन सांभाळायचं काम, दोन्ही टेंडर काढून बाहेर दिलंय. पाच कंपन्या आल्या होत्या म्हणे, जिने सगळ्यात कमी सांगितलं तिला मिळालं. बटणने गंमत म्हणून माझा अर्ज भरला, आणि मुलाखतीत मी इतकी बोलले की मला थांबवायला त्यांनी पाणी पुढे केलं. यंत्राने फोन केला की म्हातारी माणसं ठेवून देतात, आजीबाईने केला तर बोलत बसतात, असं आमच्या साहेबांचं म्हणणं. साहेब चाळिशीचे, टाय एवढा आवळलेला की बघून मलाच धाप लागते. मी त्यांना टायसाहेब म्हणते. तोंडावर नुसतं साहेब.

खोली मंडळाच्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट आता आपोआप चालते. मी जिन्याने गेले.

मंगळवार, ४

काम सोपं आहे. प्रत्येक घराचा एक कागद. वर पेन्शनवाला, खाली घरातली बाकीची माणसं, प्रत्येकापुढे दोन चौकोन, हयात आणि मयत. कंपनीने सगळे कागद नव्याने छापलेत, चौकोन कोरे. फोन लावायचा, नाव, हुद्दा, जन्मतारीख विचारायची, बरोबर आली की हयातमध्ये खूण. तीन वेळा फोन करूनही कोणीच उचलला नाही तर मयतमध्ये. संध्याकाळी कागद यंत्रात सरकवायचे. मागाहून फेरफार नाही. टायसाहेबांनी हे दोनदा सांगितलं.

आज एकवीस माणसांशी बोलले. एका निवृत्त नळ-तपासनिसाने त्याच्या मांजराचं बाळंतपण पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवलं. टायसाहेब घड्याळ दाखवत होते, पण पिल्लं किती झाली ते कळल्याशिवाय ठेवायचा कसा? पाच.

गुरुवार, ६

एक टायपिस्टबाई आहेत, ब्याऐंशी वर्षांच्या. तीन दिवस लावतेय, उचलत नाहीत. आज तिसरी वेळ. नियमाने मयत. पण माझ्या मनाला पटेना. न्हाणीत असतील, कमी ऐकू येत असेल. घंटा ऐकून कुठे माणूस मेलेला कळतो? मी हळूच हयातमध्ये खूण केली. पुढच्या वेळी उचलतील. बटणला सांगितलं तर म्हणाली, आजी, तू दुसऱ्याच आठवड्यात सरकारी कागदात अफरातफर करणार. म्हटलं, पहिल्याच आठवड्यात केली.

शुक्रवार, ७

टायपिस्टबाईंचा आपणहून फोन आला. मला इतका आनंद झाला! नाव, हुद्दा, जन्मतारीख सांगितली. मी विचारलं, बरं आहे ना, जेवलात का? त्यांनी पुन्हा नाव, हुद्दा, जन्मतारीख सांगितली. मग परत. थकल्या असतील.

सोमवार, १०

आज गठ्ठ्यात आमचाच कागद आला. वर ह्यांचं नाव, लिफ्टचालक, बाजूला चिकटवलेला फोटो, निळा शर्ट, समोर बघणारा. त्याखाली मी, माझ्याखाली बटण. तिघांचे चौकोन कोरे.

फोन नंबर घरचा, दाराशेजारच्या स्टुलावरच्या फोनचा. घरी कोणी नाही हे माहीत असून मी लावला. रिकाम्या घरात आपलाच फोन वाजताना ऐकायचा, म्हणजे काय वाटतं ते मला लिहिता येत नाही.

मयतमध्ये खूण करायची होती. करायलाच हवी होती. पण हे गेले असं एकदा सांगितलं होतं मी, हॉस्पिटलच्या त्या खिडकीपाशी, आतला माणूस नाव लिहून घेत होता तेव्हा. पुन्हा माझ्याच हाताने? नाही जमलं. ह्यांच्यापुढे हयातची खूण केली, माझ्यापुढे केली, आणि बटणपुढे करणार तर टायसाहेबांनी गठ्ठा उचलला. म्हणाले, राहिलेलं उद्या.

डबा घेऊन मी मंडळात जायचे तेव्हा हे लिफ्टचं जाळीचं दार सारून विचारायचे, कितवा मजला, बाईसाहेब? मी म्हणायचे, तुम्ही न्याल तो. मग थेट गच्चीच्या मजल्यावर. तिथे पाण्याच्या टाक्या आणि कबुतरं. पाच मिनिटं. ही गोष्ट मी अजून कोणाला सांगितली नव्हती.

मंगळवार, ११

पाच वाजता घरी आले. लख्ख ऊन होतं. दार उघडं. दारात हे उभे.

निळा शर्ट. भुवईवरची खूण. मी शाल खाली टाकली, बॅग टाकली, काय काय बोलले देव जाणे. ह्यांनी समोर बघितलं आणि म्हणाले,

"कितवा मजला?"

मी रडता रडता हसले. म्हटलं, तुम्ही न्याल तो. ह्यांनी पुन्हा तेच विचारलं.

गुरुवार, १३

बटण घाबरली होती. आता तिला आजोबांजवळ बसायला आवडतं, पण ते तिच्याकडे बघत नाहीत. मी शांतपणे लिहायचं ठरवलंय, म्हणून लिहिते.

कागदावर जेवढे आहेत तेवढेच आलेत. नाव विचारा, सांगतात. हुद्दा, रुजू झाल्याची तारीख, उंची, सगळं पाठ. चहात दोन चमचे साखर लागायची ते माहीत नाही. मुलगा होता आणि तो गेला, हे माहीत नाही. मला जन्मभर 'अगं' म्हणून हाक मारली. आता मला कागदावरच्या पूर्ण नावाने हाक मारतात, पुढे श्रीमती लावून, आणि आडनावात छापणाऱ्याने केलेली चूकसुद्धा तशीच.

आणि ते वळत नाहीत. मी बाजूला गेले तरी मला त्यांचा चेहरा समोरूनच दिसतो. मागची मान, जिथे मी केस कापून द्यायचे, ती मी अजून बघितली नाही. हात लावला तर गुळगुळीत लागतात.

तरी मी एक ताट जास्त घासते.

शुक्रवार, १४

टायपिस्टबाईंची सून ऑफिसात आली. डोळे सुजलेले. म्हणाली, सासूबाई जाऊन वर्ष झालं, दिवसा आम्ही सगळे कामावर असतो म्हणून फोन उचलला नाही. सात तारखेला दार उघडलं तर सासूबाई स्वयंपाकघरात बसून ओट्यावर बोटांनी टाईप करतायत. आणि त्या दिवसापासून तिचा नवरा पुसट होतोय. ओरडून बोलतो तेव्हा कुजबुज ऐकू येते. काल त्याच्या कामावर त्याची खुर्ची दुसऱ्याला दिली. तिथल्या कोणाला तो आठवेना.

ती मला विचारत होती, कोणी केलं हे? मी पेन ड्रॉवरमध्ये ठेवला.

सोमवार, १७

कॉलेजात हजेरीत बटणचं नाव आलं नाही. दुकानदाराने तिच्यामागच्या बाईला आधी दिलं, मग दुकान बंद केलं. ती हसत सांगत होती. हसण्याचा आवाज शेजारच्या घरातून आल्यासारखा.

पहिल्या पानावरची जांभळी शाई फिकी पडलीय. 'आजीची' एवढंच वाचता येतं.

मंगळवार, १८

अकरा तारखेला आमचा कागद गठ्ठ्यात परत आलाच नाही, आज शोधून काढला. बटणपुढे अजून चौकोन कोरा. मी हयातची खूण केली, कागद यंत्राला दिला, यंत्राने परत दिला. तीनदा. वर छापून आलं, या कुटुंबाचा हयात आकडा पूर्ण आहे.

मंडळातले जुने हेडक्लार्क कोपऱ्यातल्या टेबलावर अजून आहेत, निवृत्तीला चार महिने राहिलेत. त्यांनी समजावलं. टेंडर काढलं तेव्हा प्रत्येक घरात किती जिवंत ते मोजलं. त्यापेक्षा एकही जास्त सांभाळायचा नाही, म्हणून तर कंपनीला एवढं स्वस्त परवडलं. आमच्या घराचा आकडा दोन. ह्यांनी एक जागा घेतली.

बटणच्या नंबरावर दोन फोन होऊन गेलेत, यंत्राने केलेले. ती म्हणते, आजी, मी उचलला, बोलले, पलीकडे ऐकूच जात नव्हतं. तिसरा शुक्रवारी, दुपारी चारला.

बुधवार, १९

खाली मंडळात गेले. खिडकीवरची बाई म्हणाली, ते काम आता आमच्याकडे नाही, कंपनीला विचारा. टायसाहेब म्हणाले, नियम मंडळाचे, आम्ही फक्त राबवतो. परत मंडळात. परत वर. लिफ्टने जायचं धाडस नाही, जिने चढून पाय भरून आले. कोणी वाईट बोललं नाही. सगळे माझ्याकडे दयेने बघत होते.

टायसाहेबांनी टायची गाठ सैल केली. म्हणाले, मावशी, माझ्या घराचाही कागद आहे.

गुरुवार, २०

ह्यांना तीन फोन चुकवायला लावायचे ठरवलं. ऑफिसातून घरी लावला. पहिल्याच घंटेला उचलला. कितवा मजला?

घरी येऊन तार भिंतीतून उपटली. बटणच्या फोनवरून लावला. हे स्टुलापाशी गेले, मेलेला फोन कानाला लावला, आणि माझ्या कानात —

कितवा मजला?

माणसाला दोनदा मारायला निघाले होते मी. बरं झालं.

बटण पलंगावर झोपलीय. चादरीची फुलं तिच्या हातातून दिसतात.

शुक्रवार, २१. दुपार

टायसाहेबांना सांगितलं, माझं नाव आज घ्या, तिच्या आधी. साडेतीन ते चार, तिन्ही फोन, माझ्या मोबाइलवर. कोणी उचलला नाही तर तिच्यासाठी जागा रिकामी होते ना? त्यांनी मान हलवली.

घरी येऊन मोबाइल समोर ठेवलाय. बटणला शेजारी पाठवलं होतं, मेथ — नाही, काहीतरी आणायला. आठवत नाही.

साडेतीन. वाजतोय. मला इतकी सवय, हात आपोआप जातो. हातावर बसले.

थांबला.

बटण आली. पावलं ऐकू आली. दहा दिवसांत पहिल्यांदा. आतून ओरडली, आजी, फोन वाजत होता, उचलला का नाहीस? केवढा मोठा आवाज. केवढा छान —

दुसरा. वाजू दे. मांजराला पाच पिल्लं. चहात दोन चमचे. पहिल्या पानावर जांभळं ठसठशीत दिसतंय, सगळी ओळ. पेन जड झालाय. बटण, तू हे वाचशील तेव्हा

बटण दारात आहे. मला शोधतेय. मी इथेच आहे गं, खुर्चीत, तू बघतेस तिथेच —

तिसरा.

हे उठले. दाराशी गेले. वळले. मागची मान दिसली, केस वाढलेत. हात असा सारला, जाळीचं दार सारायचे तसा.

"कितवा मजला, बाईसाहेब?"

बाईसाहेब. हे कागदावर नव्हतं. हे कुठेच लिहिलेलं न

तुम्ही न्या