उभ्या धानातून पाट

चिचटोला, ता. सिंदेवाही
२० सप्टेंबर १९९८

चि. माधवीस, जयभीम व आशीर्वाद.

वहिनीचा चिवडा मैत्रिणींत वाटून संपवू नकोस. आता खरी गोष्ट. तलावाकडच्या वरच्या बांध्यांत धानाची पाने कडेने वाळत आहेत, माझ्याही. वाण तेच, आठ वर्षे न करपलेले. चांगले बियाणे मोठ्यांनीच का पेरावे, गावभर एकच धान डोलू द्या, असे सभेत गरजलो होतो तेच. बियाणे खोटे दिले म्हणून लोक दुकानदाराला धरायला निघालेत. आपल्या वस्तीच्या खालच्या बांध्या अजून हिरव्या आहेत. पावसाने ओढ दिल्यामुळे पंधरवड्याने तलाव उघडायचा आहे. तू पिकांच्या रोगांचेच शिकतेस, लवकर कळव.

माया आहेच, ती तशीच ठेव.
तुझा भाऊ, लटारू


नागपूर, २४ सप्टेंबर

ती. भाऊस, सा. जयभीम.

दुकानदाराला सोडा. रोगट पान कापून पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात धर. दुधाळ धार सुटली तर ते जिवाणू आहेत. हे वाण त्यांना ओळखून अडवत होते. कोट्यवधींतला एखादा बदलला, ओळखू येईनासा झाला. गावभर एकच धान, म्हणून त्याला कुठेच अडसर उरला नाही. तुझे भाषण माणसांइतकेच त्यालाही मानवले.

रागावशील, तरी लिहिते. हे जिवाणू पाण्यातून पसरतात. वरच्या बांध्यांचे पाणी खाली जाऊ देऊ नकोस.

रागावलास तरी लोभ कमी करू नकोस.
माधवी


चिचटोला, २९ सप्टेंबर

चि. माधवीस, जयभीम.

धार सुटली. दुकानदाराच्या दारातून लोकांना परत आणले.

पण तू काय मागतेस, कळते का? वरच्यांनी आपल्या बांधीतून खाली पाणी सोडावे म्हणून मी काठ्या खाल्ल्या. आज मीच वस्तीत उभा राहून सांगितले, की हे पाणी घेऊ नका. गुणाबाई उठली. म्हणाली, "तलाव ज्याचा होता तो मालगुजारबी हेच सांगे, लटारू. तुमच्या भल्यासाठीच पानी अडवलं म्हने."

धान फुलोऱ्यावर आहे. पाणी नाही दिले तर दाणा भरणार नाही, दिले तर करपेल. चार दिवसांनी तलाव उघडेल.

उत्तराची वाट पाहतो.
लटारू


नागपूर, १ ऑक्टोबर
(एस.टी.च्या कंडक्टरहाती)

ती. भाऊस, सा. जयभीम.

रोग तलावात नाही. आजारी धानातून वाहिलेल्या पाण्यात आहे. उभे धान कापून तलावापासून वस्तीच्या बांध्यांपर्यंत सरळ पाट खणला, दोन्ही बाजूंना मातीचे उंच धुरे घातले, तर पाणी स्वच्छ पोचेल. कापलेले धान पाटात पडू देऊ नका. बाहेर नेऊन जाळा. खाली जाण्याआधी विळे उकळून घ्या.

पाटाच्या वाटेत येणारी मधली बांधी कोणाची आहे, ते तुला मी काय सांगू?

तुझीच, माधवी


चिचटोला, ४ ऑक्टोबर

चि. माधवीस, जयभीम.

बांधी माझी. मधले धान अजून अर्धे हिरवे होते. परवा सकाळी विळा लावला तेव्हा वहिनी घरात निघून गेली. धुऱ्यावर वस्ती नुसती पाहत उभी होती. मी भाषण केले नाही. बऱ्याच वेळाने गुणाबाई खाली उतरली. म्हणाली, "जाताना विळा उकळीन. सरक आता." मग सगळे उतरले, आणि शेवटी वहिनीही फावडे घेऊन आली.

आज पाणी खाली पोचले. माझ्या धानाला न शिवता.

पुढच्या हंगामात रोवणीआधी घरी ये. कोणाच्या बांधीत कोणती जात लावायची ते सभेत तू सांग. मी खाली बसून ऐकीन.

वहिनीने पुन्हा चिवडा दिला आहे. आमच्यावरची माया आटू देऊ नकोस.
लटारू