खेळाचं बारसं

परभणी
बुधवार, सकाळ

तीर्थस्वरूप सुमंगलाअक्कास,

धाकट्या मार्तंडचा साष्टांग नमस्कार. इथं आम्ही तिघं ठीक आहोत. तुझे गुडघे, तुझी म्हैस आणि आपला हरभरा, तिघांची खुशाली कळव. उत्तराचं पित्त आवरतं आहे. माझा डावा कान होता तसाच आहे. फोनवर मला नीट ऐकू येत नाही असं आपल्या घरात ठरलेलं असल्यामुळे हे पत्र लिहितो आहे. लिंबाजी शेतावरची पाण्याची मोटार दुरुस्तीला घेऊन काल इकडे आला. ती आज मिळेल. साडेबाराच्या सोनपेठ गाडीनं तो निघेल, त्याच्याबरोबर पत्र पाठवतो. (मोटार जड आहे, पत्र हलकं. दोन्ही एकाच हातात देऊ नकोस असं त्याला सांगितलं आहे.)

विषय तुझ्या भाच्याचा. श्रीनिधी तीन वर्षं माळ्यावरच्या खोलीत बसून जे करत होता ते पुरं झालं. तो मोबाइलवर खेळायचा खेळ आहे. एक शेत असतं. वरच्या टोकाला इंजिन. खेळणाऱ्याच्या हातात फावडं. पाटानं पाणी येतं. मातीचं दार फोडून ते वाफ्यात घ्यायचं, वाफा भरला की दार लावायचं, पुढचं फोडायचं. शेवटच्या वाफ्याशी एक मुलगी उभी असते. पाणी तिच्या पायाशी आलं की ती हात वर करते आणि आपण जिंकतो. मग पुढचं शेत. अशी चाळीस शेतं आहेत. ती मुलगी कोण हे तुला सांगायला नको. इंजिनाशी अण्णा, मधल्या बांधावर मी आणि खालच्या टोकाला तू. पाणी आलं की तू ओरडायचीस, ते मी पुढं ओरडायचो आणि अण्णा इंजिन बंद करायचे, ही गोष्ट तू त्याला दर उन्हाळ्यात सांगितलीस. बांध फुटला आणि पाणी शेजारच्या रानात गेलं तो दिवसही सांगितलास, आणि शेवटी दर वेळी म्हणालीस, 'मी ओरडले होते.' तो दिवसही त्यानं खेळात घातला होता. मी काढायला लावला. खेळ लांबतो, म्हणालो.

आता अडचण. पुण्याच्या एका कंपनीनं हा खेळ बाजारात आणायचं कबूल केलं आहे. तिथं माधवी नावाच्या बाई हे काम पाहतात. आवाजावरून पंचवीसच्या वाटतात, संयमावरून साठीच्या. त्यांनी खुलासा केला की येत्या शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत खेळाचं नाव कळवायचं. नाही कळवलं तर कंपनी आपल्या मनाचं नाव देईल आणि ते नंतर बदलता येणार नाही. कंपनीचं नाव तयार आहे: 'वॉटर वॉरियर: लेजंड ऑफ द फार्म टू'. मी विचारलं, पहिला भाग कधी निघाला? त्या म्हणाल्या, "निघाला नाही सर. पण दोन लिहिलं की लोकांना वाटतं, पहिला चांगला चालला असणार." मी बत्तीस वर्षं मराठी शिकवलं. इतकं प्रामाणिक खोटं माझ्या ऐकण्यात नव्हतं. त्या दिवसापासून श्रीनिधी जेवायला उशिरा येतो. तो म्हणतो, हे नाव लागलं तर मी हा खेळ माझा म्हणून कुणाला दाखवणार नाही. तीन वर्षं केलेली गोष्ट दाखवायची नाही, असं तो शांतपणे म्हणतो. त्यानं आदळआपट केली असती तर मला बरं वाटलं असतं.

म्हणून मी अभ्यासाला लागलो. बाजारातल्या दोनशे खेळांची नावं वहीत उतरवली. निम्म्यांत युद्ध आहे. उरलेल्यांतल्या बऱ्याच नावांत मधोमध दोन टिंबं आहेत, आणि टिंबांआधी काय होतं ते टिंबांनंतर आठवत नाही. काही नावं इतकी भव्य की आत एक फळ कापायचं असतं हे कळल्यावर माणूस खजील होतो. चांगली नावं फार तर वीस निघाली. ती सगळी लहान होती. नावात जे होतं तेच खेळात करायचं होतं. साप असेल तर साप, विटा असतील तर विटा. मला वाटलं, हे आपल्याला सहज जमेल. मी 'ओलाव्याचे अंतरंग' हे नाव सुचवलं. श्रीनिधी म्हणाला, "बाबा, हे टाइप कोण करणार?" उत्तरानं तपासायची तिची रीत सांगितली. ती म्हणाली, "खेळाचं नाव स्वयंपाकघरातून ओरडता आलं पाहिजे. 'श्रीनिधी, ते ओलाव्याचे अंतरंग बंद कर आणि जेवायला ये.' हे म्हणेपर्यंत भात निवतो." मी ते नाव वहीत खोडलं. माझ्या एकमेव कवितासंग्रहाचं नाव 'अभावाचे उत्खनन' आहे हे तुला ठाऊक आहे. गावातल्या एका वाचनालयात तो विहिरी आणि बोअर यांच्या कपाटात लागला होता. तिथून मात्र तो चार जणांनी नेला. एकानं परत करताना विचारलं होतं, "ह्याच्यात पाणी कितव्या पानावर लागतं?"

मग उत्तरा पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला गेली तेव्हा तिथल्या ओळखीच्या गुरुजींकडून अक्षर काढून आणावं असं ठरलं. गुरुजींनी जन्मवेळ विचारली. श्रीनिधीनं फोनवरून सांगितलं, खेळ पहिल्यांदा मधे बंद न पडता चालला तो मंगळवार, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. गुरुजींनी जन्मस्थळ विचारलं. माळा. मुलगा की मुलगी विचारलं. यावर थोडी चर्चा झाली. शेवटी त्यांनी पंचांग पाहून 'ढा' हे अक्षर दिलं. (मराठीच्या मास्तराच्या घरात ढ.) 'ढा'वरून ढाल. माधवीबाईंना ते फार आवडलं, आणि त्यांनी त्या नावानं पाच दिवस खेळ काही लोकांना चाचणीसाठी दिला. लोकांचे निरोप मी जपून ठेवले आहेत. एक लिहितो, "तीन दिवस झाले पाणी देतोय, शत्रू कधी येणार?" दुसरा: "ढाल अजून सापडली नाही. मका मात्र चांगला आलाय." साताऱ्याचे एक निवृत्त सुभेदार विसाव्या शेतात मुलीच्या शेजारी मोर्चा धरून बसले. त्यांनी पाटाला हातच लावला नाही. पाणी म्हणजे शत्रूची चाल आहे अशी त्यांची खात्री होती. खेळ कुणालाच वाईट वाटला नाही. नावानं कबूल केलेलं आत नव्हतं, एवढंच. ढाल मागे घेतली.

श्रीनिधीचं म्हणणं पहिल्यापासून एकच आहे. नाव आत्यानं ठेवायचं असतं. त्यानं तुला फोन केला, आणि तू त्याला काय म्हणालीस ते त्यानं जसंच्या तसं सांगितलं: "मी एकदा ठेवलं होतं नाव. तुझ्या बापानं बदललं. आता बापालाच विचार." अक्का, हे खरं आहे. बारशाला तू पाळण्यात वाकून त्याच्या कानात श्रीराम म्हणालीस, आणि शाळेत घालताना मी श्रीनिधी लिहिलं. माझ्या वर्गात तेव्हा चार श्रीराम होते आणि चौघंही मागच्या बाकावर. त्याची शिक्षा त्याला झाली. मित्रांनी त्याला निधी केलं. आठवीत त्याला निबंधाचं बक्षीस मिळालं त्यावर 'कुमारी निधी' आहे. बँकेतून अजून 'निधी मॅडम आहेत का' असा फोन येतो, आणि तो 'बोलतोय' म्हणतो. तुझ्या एका हाकेला मात्र तो आजही श्रीराम म्हणून उठतो. चांगलं नाव अर्थानं ठरतं असं मला वाटत होतं. ते हाक मारल्यावर कुणी उठतं का यावर ठरतं. हे कळायला मला सव्वीस वर्षं आणि दोनशे खेळ लागले.

काल संध्याकाळचं सांगतो. लिंबाजी मोटार दुकानात टाकून आमच्या ओट्यावर टेकला. श्रीनिधीनं त्याच्या हातात फोन दिला. लिंबाजीनं दोन मिनिटं पाहिलं. म्हणाला, "ह्ये काय, दारंच धरायलो की म्या. आन् ह्याला लोक पैसे देतेत?" मग पाय वर घेऊन खेळायलाच बसला. एकदा फक्त मान वर न करता म्हणाला, "गुरुजी, तुमच्या पोराचं वरचं दार ढिलं हाय. खालचा वाफा आधी भरायलाय. असं कुठं असतंय?" श्रीनिधीनं ते लिहून घेतलं. पुढं शेवटच्या वाफ्यात पाणी शिरलं तेव्हा लिंबाजी ओट्यावर उभा राहिला आणि "पोचलंऽऽ" असा ओरडला की शेजारचे पोस्टमास्तर बाहेर आले. उत्तरानं आतून विचारलं, "अहो, काय पोचलं?" तो म्हणाला, "पानी पोचलं वहिनी, पानी!" मी खुर्चीतून उठलो होतो. का उठलो ते मला लगेच कळलं नाही. उत्तरा दारात येऊन माझ्याकडे पाहत होती.

तेव्हा माझी दरखास्त अशी आहे. नाव तू ठेव. कोणतंही ठेव. श्रीराम ठेवलंस तरी चालेल. मी वेलांटीसुद्धा बदलणार नाही. शुक्रवारी दुपारपर्यंत श्रीनिधीच्या फोनवर सांग म्हणजे झालं. लिंबाजीची गाडी चुकू नये म्हणून इथं थांबतो. म्हशीला आणि तुला जप.

तुझा,
मार्तंड

ता. क. (गुरुवार) लिंबाजी गेला नाही. मोटार काल अकरालाच आली. साडेबाराची गाडी तेराव्या शेतापायी चुकली, साडेचारची चौदाव्यापायी. आज सकाळी मी त्याला म्हणालो, तिकडे हरभरा पाण्याची वाट पाहतो आहे, अक्का रागावेल. तो म्हणाला, "ह्यो बी वाफा कोरडाच हाय की, गुरुजी." मोटार ओट्यावर आहे. पोस्टमास्तर तिच्यावर बसून चौथं शेत भिजवत आहेत.

ता. क. दुसरा (शुक्रवार, सकाळ) आता हे पत्र तुला वेळेत मिळत नाही. म्हणून काल संध्याकाळी मीच नाव कळवून टाकलं. 'पोचलं'. उत्तरानं ते स्वयंपाकघरातून ओरडून पाहिलं. भात निवला नाही. माधवीबाई म्हणाल्या, हे नाव अजून कुणी घेतलेलं नाही. पुढं टू लावायचं का असंही त्यांनी विचारलं. मी नको म्हणालो. 'नाव कुणी ठेवलं' असा एक रकाना होता, त्यात तुझं नाव लिहिलं आहे. श्रीनिधीला वाटतं तू मला कळवलंस. तो कालपासून वेळेवर जेवतो आहे. त्यानं फोन केला तर नाही म्हणू नकोस. शब्द तुझाच आहे, खालच्या टोकाचा.

ता. क. तिसरा. खेळातली मुलगी अजून मुकी आहे. नुसता हात वर करते. तिला आवाज हवा. फोनमध्ये आवाज कसा भरून घ्यायचा ते श्रीनिधीनं लिंबाजीला दाखवलं आहे. मोटार बसली की पाणी सोडायला सांग, आणि तू खालच्या टोकाला उभी राहा. गुडघे सांभाळून. पाणी पायाशी आलं की ओरड.

ता. क. शेवटचा. हे लिंबाजीला वाचून दाखवायला सांगू नकोस, चष्मा लावून तूच वाच. बांध फुटला त्या दिवशी मी मधल्या बांधावर पुस्तक वाचत होतो. दोन पानं उरली होती. अण्णांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, मला काही ऐकू आलं नाही. ते म्हणाले, मग ही ओरडलीच नाही, आणि त्या दिवसापासून त्यांनी तुला शेतावर नेणं बंद केलं. तू चार दिवस जेवली नाहीस. आईनं वाद मिटवायला माझ्या डाव्या कानाला दोष दिला आणि महिनाभर त्यात कोमट तेल घातलं. कान तेव्हाही चांगला होता. मंगळवारी लिंबाजी ओरडला तो माझ्या डाव्या बाजूनंच. बांध फुटायचा भाग मी श्रीनिधीला परत घालायला सांगितला आहे. त्यात मुलगी ओरडते आणि मधल्या बांधावरचा पोरगा मान वर करत नाही. तू ओरडली होतीस, अक्का. दोनदा. फोन कर. मी डाव्या कानाला धरीन.