चूटीला आणायला

प्रिय चूटी,

जेवलीस का? पाय सुजत असतील तर उशी घे आणि ते वर ठेवून बस. माझी शाळा लहानपणीच सुटली हे तुला ठाऊकच आहे, तेव्हा अक्षर सांभाळून घे.

लेकीचं पहिलं बाळंतपण मातरलाच, आपल्या घरी, असं तुझ्या अम्मानं गावभर सांगून ठेवलंय. म्हणून तर तुला आणायला निघालो. पण परतताना सातव्या महिन्याचं पोट घेऊन तू या बसमध्ये बसणार, हे माझ्या डोक्यातून जाईना. प्रत्येक गचक्याला मी अम्माकडे बघायचो. शेवटी ती म्हणाली, "माझ्याकडे काय बघता? मी नाही गरोदर."

त्या त्सुनामीच्या लाटेनंतर समुद्राकाठचा रस्ता तिला अजून नको वाटतो. म्हणून वेल्लवायावरून डोंगर चढलो. शेजारी चहामळ्यातली एक बाई होती, कमरेला अजून कामावरचं पोतं गुंडाळलेलं. तिला विचारलं, गरोदर पोरीला हा घाट झेपेल का? ती म्हणाली, "आजोबा, तुमचाच चेहरा उतरलाय. आधी तुम्ही धड पोचा." सगळी बस हसली, अम्मा सगळ्यात जास्त. मातले गावच्या एका मुस्लिम खाणावळवाल्यानं आल्याचा कोरा चहा दिला, आणि कुठे निघालोय ते कळल्यावर तुझ्यासाठी खजूर बांधून दिले. त्यापुढे मात्र नुसतं ऊन आणि लाल धूळ.

मुरुकंडीच्या गणपतीपुढे सगळ्या गाड्या थांबतात, तशी आमचीही थांबली. मी नारळ आपटला, तर तो न फुटता घरंगळत रस्त्यावर गेला. ड्रायव्हर म्हणाला, "आजोबा, नारळ फोडायचा असतो, गोंजारायचा नाही," आणि त्यानं एका फटक्यात फोडला. मी तरी मनात वाईटसाईट आणत बसलो. अम्मा खोबरं चघळत बाहेरच्या ताडांकडे बघत होती. मग म्हणाली, "चूटी या रस्त्यानं यायची नाही. मीच राहते तिच्याकडे." गावाला काय सांगायचं, म्हटलं. तर म्हणते, "गावाला बाळंत व्हायचं नाहीये."

चूटी, तुझ्या गल्लीच्या तोंडाशी चहाच्या दुकानात बसून हे लिहितोय. अम्मा पलीकडे तुझ्या सासूबाईंसाठी केळी निवडतेय, आणि तिचं निवडणं तुला माहीत आहे. फोन केला असता तर तिला ऐकू गेलं असतं. चहावाला आपल्या जावयाला, सेंथूरनला ओळखतो, चिठ्ठी आमच्याआधी पोचवतो म्हणाला. अम्मानं ठरवलंय, मी उद्याच्या बसनं परत जायचं, कोंबड्यांकडे कोण बघणार म्हणून. कोंबड्या शेजारी बघतील, मी निघतानाच सांगून आलोय. मला ओसरीवर एक चटई पुरे. तुझ्या सासूबाईंची भाषा येत नाही, पण विहिरीचं पाणी काढीन, गप्प बसेन. आम्ही आलो की तू आपणहून म्हण, अप्पच्चींनाही राहू दे. मी मागितलं असं तिला सांगू नकोस.

तुझाच बाप,
अप्पच्ची