हळदीची पाटी

३ जून
आज पोहोचले! तोबा सरोवराच्या काठचं हे गाव होडीतूनच मला आवडलं. बायबलच्या भाषांतर-कचेरीत खिडकीपाशी टेबल मिळालं, त्यावर माझ्या नावाची पाटी. बाबांना दाखवायला हवी. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. प्रमुख भाषांतरकार हॉटमान यांनी स्वतः कॉफी करून दिली; सगळे त्यांना आमांग, म्हणजे वडील, म्हणतात. मी राहते त्या घरच्या तिओलिनना सगळे इनांग, म्हणजे आई, म्हणतात. त्यांनी विचारलं, एवढं हिब्रू शिकलीस, मासा साफ करता येतो का? येतो म्हटल्यावर म्हणाल्या, मग राहा.
भिंतीवर माझ्याआधीच्या रोतुआचा फोटो आहे. पुढच्या दाताचा कोपरा तुटलेला, तरी तोंडभर हसतेय. गेल्या वर्षी लग्न होऊन जाकार्ताला गेली म्हणे.

११ जून
ईयोबाच्या एकोणिसाव्या अध्यायात अडकले. या ओळी हिब्रूत झिजलेल्या कापडासारख्या आहेत. जो तो आपलं ठिगळ लावतो. जुन्या भाषांतरात ईयोब म्हणतो, याच देहाने मी देवाला पाहीन. गावच्या अस्थिघरावर तेच कोरलंय. इनांगचा वारलेला मुलगा तिथेच आहे. तो गालावरच्या खळीसकट उठेल, असं त्या जेवताना सहज सांगतात.
मला मात्र मूळ वाचून वाटतं: देहाविना.
भीत भीत आमांगना दाखवलं. त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, खरं तेच लिही पोरी, मी आहे ना पाठीशी. खर्ड्यावर सही एकट्या भाषांतरकाराची असते. मी अभिमानाने केली.

१९ जून
आज वाचन-चाचणी. आपण वाचायचं, ऐकणाऱ्यांनी आपल्या शब्दांत परत सांगायचं. चर्चच्या अंगणात वीसेक बायका होत्या. मी 'देहाविना' वाचलं. कुणीच परत सांगेना. शेवटी इनांग म्हणाल्या, ती रोतुआही असंच वाचायची. पान चघळणारी एक म्हातारी मला म्हणाली, म्हणजे तुला देह नकोच की गं!
मी हसले. बाकी कुणी हसलं नाही.
बायकांना वाईट वाटलं असेल. त्यांचं काय हिरावलं जातंय, ते कळतं मला. पण खोटं कसं लिहू?

२४ जून
इनांगच्या सासऱ्यांच्या अस्थी आज थडग्यातून काढल्या. रीतीप्रमाणे आम्ही बायकांनी त्या हळदीच्या पाण्यात धुतल्या. अस्थिघरात ठेवायला मी आत गेले. कोपऱ्यात बिननावाची पेटी होती, झाकण सरकलेलं. आतली हळद अजून पिवळीधमक.
कवटीच्या पुढच्या दाताचा कोपरा तुटलेला.
इथल्या मातीला मांस खायला दहा वर्षं लागतात. रोतुआला जाऊन एकच वर्ष झालंय. मग एवढी स्वच्छ हाडं —

२५ जून
आमांगकडे धावले. त्यांनी ऐकून घेतलं, कॉफी ओतली, भास झाला असेल म्हणाले. ते साखर आणायला आत गेले तेव्हा मी कपाट उघडलं. रोतुआचा खर्डा. तीच ओळ, तेच शब्द, तिची सही. त्याखाली आणखी एका मुलीचा. दोन्हींच्या समासात पेन्सिलीने आमांगचं अक्षर: 'देहाविना. हेच खरं.'
त्यांना आधीपासून माहीत होतं. फक्त म्हणायला दुसऱ्याचं तोंड हवं होतं —
संध्याकाळी चर्चमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, पोरीला परोपरीने समजावलं, ऐकतच नाही. माझ्याकडे बघून म्हणाले. प्रेमाने.

२६ जून, सकाळ
होडीवाला नेत नाही. आमांगना विचार म्हणतो.
इनांग अंगणात हळद वाटताहेत. मोठी पाटी भरली. मासा आणलाय का, विचारलं. नाही म्हणाल्या. म्हणाल्या, देहाविना देव दिसतो ना तुला? मग बघ की.

दुपार
ओळ खोडली तर कदाचित — नाही. खोडणार नाही. ती खरी आहे.
बायका आल्या. आमांग पुढे. माझा खर्डा मोठ्याने वाचताहेत, माझ्या सहीसकट. आवाज रडवेला.
वही फळीखाली ढकलते. बाबा, सही माझीच आहे. पण पेन्सिलीतलं अक्षर कुणाचं ते कपाटात बघा, खालच्या कप्प्यात, रोतुआच्या —