टोलेडोच्या बाकावरून न हलण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
खेळाडू करार व अदलाबदल विभाग,
व्यावसायिक बास्केटबॉल लीग, मुख्यालय,
न्यूयॉर्क.

विषय : टोलेडो संघाने ओमाहा संघाशी ठरविलेल्या अदलाबदलीस माझी संमती नसल्याची नोंद घेणेबाबत.

संदर्भ : १) बरोबरी करून राखलेल्या खेळाडूस पहिले वर्षभर त्याच्या संमतीवाचून दुसऱ्या संघाकडे पाठविता येणार नाही, हा लीगचा नियम.
२) श्री. हॉस्टेटर यांनी माझ्या आईच्या स्वयंपाकघरात दिलेला शब्द (तोंडी).

महोदया,

१. मी, खाली सही करणार कोर्डेल थिगपेन, टोलेडो संघात सेंटरच्या जागेवर आहे. ‘खेळतो’ असे लिहिले नाही, कारण सरकारदरबारी असो वा लीगमध्ये, अर्जात खोटे लिहू नये. या हंगामात मी मैदानावर उतरलो तो बहुधा सामना हातचा गेल्यावर किंवा खिशात पडल्यावर, म्हणजे प्रेक्षक गाड्या काढायला उठल्यावर. एरवी मी बाकावर असतो. हा अर्ज लिहून देण्यास माझ्या एजंटाने साफ नकार दिला. तो म्हणाला, “लेका, हे म्हणजे स्वतःचं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणं झालं.” सबब भाषेतील चुका माझ्या आहेत, त्या पोटात घालाव्यात.

२. प्रकरणाचा उगम आपल्या माहितीसाठी नमूद करतो. गेल्या उन्हाळ्यात माझा पहिला करार संपला. नियमाप्रमाणे मी मुक्त झालो, परंतु गळ्यातली दोरी जुन्या संघाच्या हातातच राहिली. कारण आपण जाणताच: दुसऱ्या संघाने मला जो देकार द्यावा, तोच जसाच्या तसा टोलेडोने दिला की मी टोलेडोचा. याला आम्ही बरोबरी म्हणतो. टल्सा संघाला मी हवा होतो. टल्सा हे माझे गाव. माझी आई, श्रीमती अर्नेस्टीन थिगपेन, तिथेच राहते. तिच्या कंबरेची दोन ऑपरेशने झाली असून तिला विमानात बसवत नाही. मी लीगमध्ये आल्यापासून तिने मला समोर खेळताना पाहिलेले नाही.

३. आमच्या धंद्यात एक जुनी पद्धत आहे. खेळाडूकडून काही हवे असले की मागणी घालायला येणारा आधी त्याच्या आईच्या स्वयंपाकघरात येऊन बसतो आणि तिच्या हातचे खातो. तिथे बोललेले कागदावर येत नाही, पण ते मोडत नाहीत. टोलेडोचे सरव्यवस्थापक श्री. हॉस्टेटर याच रीतीने जूनमध्ये टल्सास आले. त्यांना हवे होते ते इतकेच, की मी वर्तमानपत्रांत त्यांच्या प्रशिक्षकाविरुद्ध बोलणे थांबवावे. त्यांनी तळलेला मासा दोनदा मागून घेतला, मक्याची भाकरी खाल्ली, पीचच्या कॉबलरवर, म्हणजे फळाच्या गोड भाजलेल्या पक्वान्नावर, ताव मारला आणि रुमालाने तोंड पुसत माझ्या आईला म्हणाले, “ताई, तुमचा पोरगा तुमच्याजवळ येऊ दे. टल्साने देकार दिला तर मी बरोबरी करणार नाही, हा माझा शब्द.” आईने त्यांना उरलेला कॉबलर बांधून दिला. मीही माझा शब्द पाळला आणि तोंड मिटले.

४. त्या शब्दावर विसंबून मी टल्साच्या देकारावर सही केली. आईच्या चर्चमधील बायकांनी मैदानाजवळची एक अख्खी रांग हंगामभरासाठी घेतली. आईसाठी कडेची खुर्ची ठेवली, पाय पसरता यावा म्हणून. आणि बरोबरीची मुदत संपता संपता श्री. हॉस्टेटर यांनी बरोबरी केली! मी त्यांच्या संघाला हवा होतो म्हणून नव्हे. टल्साचा सरव्यवस्थापक पूर्वी त्यांच्याच हाताखाली होता, तो भांडून निघून गेला, आणि श्री. हॉस्टेटर यांना त्याला सुखाने काही मिळू द्यायचे नव्हते. आमच्या मालिशवाल्यासमोर ते काय म्हणाले तेही लिहितो: “थिगपेन माझ्या बाकावर बसून गंजलेला चालेल, पण त्या हरामखोराकडे उड्या मारताना दिसायला नको.” आईच्या तोंडाला अशी पाने पुसली गेली. त्या रांगेत आता बायका बसतात, आई जात नाही. मी फोन केला तेव्हा ती म्हणाली, “बाळा, क्षमा करणं हे देवाचं खातं आहे. आपण त्यात ढवळाढवळ करायची नाही.” त्या दिवसापासून मीही केलेली नाही.

५. बाकावरील माझ्या वर्तनाबद्दल संघाकडून आपल्याकडे तक्रार आली असल्यास खुलासा करतो. श्री. हॉस्टेटर यांची खुर्ची आमच्या बाकाच्या बरोबर मागे आहे. मी सहा फूट अकरा इंच आहे. बाकावरील माझ्या जागेवर दोन उशा ठेवण्यास वैद्यकीय परवानगी मी रीतसर मिळविली आहे. पाठ ताठ ठेवणे हा मणक्याचा व्यायाम आहे. यामुळे त्यांना टोलेडोचा स्वतःच्या बाजूचा बास्केट दिसत नसेल तर त्यात माझा दोष नाही. ते डावीकडे झुकले की माझ्याही मणक्याला नेमके डावीकडेच झुकावेसे वाटते. माझे शेजारी खेळाडू हसतात, पण तो त्यांचा प्रश्न आहे.

६. आता मूळ विषयाकडे वळतो. आमचा संघ यंदा वर चढला आहे आणि ओमाहाचा आयझेया पेटिग्रू मिळाला तर विजेतेपद हाती येईल असे सगळे शहर मानते. ओमाहा त्याला द्यायला तयार आहे. परंतु अदलाबदलीत दोन्हीकडच्या पगारांचा तोल जुळावा लागतो, आणि तो माझ्याशिवाय जुळत नाही. शिवाय ओमाहाला मी खरोखरच हवा आहे. श्री. हॉस्टेटर यांनी सगळे ठरवून टाकले. पेटिग्रूच्या नावाचे शर्ट विक्रीस निघाले, मैदानाच्या भिंतीवर त्याचे चार मजली चित्र चढले. मग त्यांच्या वकिलाने विचारले, “थिगपेनची संमती घेतली ना, साहेब?” त्यावर साहेब म्हणाले, “त्याला कसलं विचारायचं? बाकावरच्या माणसाला दार उघडलं की तो चपला न घालता पळतो.” बरोबरी करताना रागाच्या भरात त्यांनी नियमाचा वरचा अर्धा भाग वाचला होता. खालचा अर्धा भाग मी वाचला. आता त्यांचा हात दगडाखाली आहे आणि दगडावर मी बसलो आहे. उठण्याचा माझा विचार नाही.

७. तेव्हापासून माझ्यावर चहूकडून दडपण येत आहे, त्याचीही नोंद व्हावी. श्री. हॉस्टेटर यांनी प्रथम फळांची टोपली पाठविली. मी ती मैदानाच्या पहारेकऱ्यांना वाटली. मग ते स्वतः आले आणि दारात उभे राहून म्हणाले, “कोर्डेल, गड्या, झालं गेलं मॉमीला मिळालं. धंद्यात असं होतंच.” मॉमी ही आमची नदी. मी म्हणालो, “होतं ना. आता तुमच्या बाबतीत होतंय.” त्यानंतर ते फुले घेऊन टल्सास गेले. आईने जाळीचे दार उघडलेच नाही. जाळीआडून म्हणाली, “साहेब, मागच्या खेपेचं चांगलं पचलेलं दिसतंय तुम्हांला. आज माझ्याकडे काही शिजलेलं नाही.” आत कढईत मासा तळत होता आणि वास बाहेरपर्यंत येत होता, हे तिने मला मुद्दाम सांगितले.

८. शहराचे तर काही विचारू नये. माझा नेहमीचा न्हावी, श्री. ऑटिस बँकहेड, याने शनिवारी माझ्या उजव्या गालाची दाढी केली, वस्तरा मिटला आणि म्हणाला, “आधी सही, मग डावा गाल. भाऊ, माझा बाप मेला तरी टोलेडोचं विजेतेपद बघायला मिळालं नाही त्याला.” दुकानातली सगळी गिऱ्हाईके टाळ्या वाजवू लागली. शहरात दुसऱ्या न्हाव्यांनीही मला खुर्ची दिली नाही. घरी वस्तरा आहे, पण मी हट्टाने तसाच हिंडतो आहे. सोमवारच्या सामन्यात कॅमेरा वारंवार माझ्या डाव्या गालावर येत होता. आपण ते पाहिले असल्यास कारण हे आहे.

९. सबब विनंती की,
(अ) माझा नकार नोंदवावा.
(आ) तो श्री. हॉस्टेटर यांना उद्या, गुरुवारी, दुपारी तीनची अदलाबदलीची मुदत संपण्याच्या इतका तोंडावर कळवावा, की दुसरी वाट शोधण्यास वेळ उरू नये. पण इतका उशिरा नको, की त्यांना आशा ठेवण्यास वेळच मिळू नये.
(इ) ते जेवत असतील तर उत्तम.
(ई) पेटिग्रूचे चार मजली चित्र उतरविताना मला हजर राहण्याची परवानगी मिळावी. दोरी धरायला मी विनामोबदला तयार आहे.
(उ) बाकावरील माझी जागा हंगाम संपेपर्यंत बदलू नये.

१०. येथे अर्ज संपायला हवा होता. परंतु वर मी खोटे लिहायचे नाही असे म्हटले आहे, म्हणून पुढील मजकूर.

ओमाहाच्या प्रशिक्षिका श्रीमती लिंडक्विस्ट यांचा काल फोन आला. त्यांनी गोडीगुलाबी केली नाही, समजूत घातली नाही. त्यांनी मला फक्त विचारले, “बास्केटकडे पाठ असताना तू डावीकडे वळतोस, तेव्हा वळण्याआधी खांदा का पाडतोस? तेवढं सोडलंस तर तुला कोणी अडवू शकत नाही. पहिल्या मिनिटापासून तू खेळशील.” या संघात येऊन मला इतकी वर्षे झाली, माझा खांदा कोणाच्या लक्षात आला नव्हता. फोन ठेवल्यावर मी दिवाणखान्यातले सोफे भिंतीला लावले आणि जेवणाची वेळ टळेपर्यंत खांदा न पाडता वळत राहिलो. खालच्या भाडेकरूने छताला काठी ठोकली. मी सव्वीस वर्षांचा आहे, महोदया. माझे गुडघे आज चांगले आहेत. सेंटरचे गुडघे कोणाची वाट पाहत नाहीत.

आणि रविवारी चर्चमधून आल्यावर आईचा फोन होता. हवापाण्याचे बोलणे झाले. मग ती म्हणाली, “मार्चमध्ये ओमाहाचा संघ इथे टल्साला येतोय म्हणे.” मी म्हटले, येत असेल. ती म्हणाली, “नाही, सहज सांगितलं. माझ्या खुर्चीवर हल्ली दुसरंच कोणी बसतं. तिला उठवावं लागेल, एवढंच.” आणि तिने विषय बदलून पडद्यांच्या कापडाचे बोलणे काढले. देवाच्या खात्यात ढवळाढवळ करायची नाही म्हणणारी तीच बाई!

११. आज सकाळी संमतिपत्रावर ‘नामंजूर’ असे मोठ्या अक्षरांत लिहायला बसलो. लिहून झाल्यावर पाहतो तर ‘मंजूर’च्या रेघेवर माझी सही. ती मीच केली आहे, मला कोणी बळजबरी केली नाही. कागद फाडायला घेतला. माझ्या पंज्यात चेंडू एका हाताने मावतो, पण तो एक कागद फाडता आला नाही. म्हणून तो बंद पाकिटात सोबत जोडून हे सारे उद्या सकाळीच पोचणाऱ्या टपालाने धाडत आहे. माझ्या घरात तो सुरक्षित नाही, मी उद्या दुपारपर्यंत धावत जाऊन तो हॉस्टेटर यांच्या हातावर ठेवीन आणि त्यांच्या चेहऱ्यावरचे ते हसू मला जन्मभर पाहावे लागेल. तरी आपण ते पाकीट कुलपात ठेवावे आणि तीन वाजेपर्यंत उघडू नये. हॉस्टेटर यांचा फोन आला तर उघडू नये. टोलेडोच्या महापौरांचा आला तरी उघडू नये. माझा स्वतःचा फोन आला, मी गयावया केली, आवाज भरून आला, तरीही उघडू नये. त्या वेळी बोलणारा मनुष्य खेळायला आसुसलेला असेल आणि त्याचे म्हणणे सूडाच्या कामी ग्राह्य धरता येत नाही.

अपवाद एकच. आईचा फोन आला तर तिचे ऐकावे. तिला नाही म्हणण्याचा अधिकार खेळाडूस देणारे कलम मी संपूर्ण नियमावलीत शोधले, मला सापडले नाही.

आपला दूरध्वनी क्रमांक मी तिला अर्ध्या तासापूर्वी दिला आहे.

आपला,
नम्र, परंतु वाकलेला नव्हे,

(सही)
कोर्डेल थिगपेन
सेंटर, टोलेडो संघ

टोलेडो, ओहायो
बुधवार, दि. ४ फेब्रुवारी

सोबत : बंद पाकीट, एक.