लेन्समध्ये दोष नाही

सांगली,
रविवार, ९ मार्च २०२५

प्रिय जोतीराम,

जय जिनेंद्र. पूर्वी मी असं लिहिलं की तू उत्तरात ‘राम राम, फोटोवाले’ लिहायचास. बावीस वर्षांत आपण एकमेकांना एक ओळ लिहिली नाही, त्यामुळे आता काय म्हणशील माहीत नाही. वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्याचं अंकिताकडून कळलं. मेढ्याच्या पहाटेच्या गारठ्यात त्यांना जपायला सांग. इकडे ठीक. मला साखर निघाली आहे. स्टुडिओत आता पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्स, एवढंच चालतं.

अंकिता मागच्या सोमवारी तुझी लेन्स घेऊन आली. दारात उभी राहिली तेव्हा ओळखलं नाही. हसली तेव्हा ओळखलं. हसणं बापाचं, आकारामचं आहे. पाटणच्या बाजूला जंगलात धनेश पक्ष्यांची घरटी मोजते म्हणाली, लांबून फोटो काढायला लेन्स हवी आहे. “काका म्हणतात लेन्स बाद हाय, तरी रायगोंडाकाकांकडून एकदा तपासून घे.” तू चिठ्ठी दिली नाहीस, निरोप मात्र दिलास.

तर तपासणीचं सांगतो.

गच्चीच्या भिंतीवर वर्तमानपत्रातली छोट्या जाहिरातींची पानं सपाट चिकटवली. चाळीस फुटांवर ट्रायपॉड लावला, हलू नये म्हणून त्याला ज्वारीची पिशवी टांगली. माझ्या डिजिटल कॅमेऱ्याला रिंग लावून ती रशियन लेन्स बसवली. पहिल्या दिवशी दुपारी तीस फोटो काढले. सगळे धूसर. मला बरं वाटलं, जोतीराम. हे वाचताना तुला विचित्र वाटेल, पण मला खरंच बरं वाटलं.

पण चाळीस वर्षं हाच धंदा केला. दुपारी गच्चीवर हवा थरथरते, आणि आत आरसे असलेली लेन्स तापलेली असली की नीट काम करत नाही, हे मला कळतं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला ती तासभर बाहेर ठेवली. हात लागू नये म्हणून टायमर लावला, फोकस केसाएवढा सरकवत पुन्हा तीस काढले. कॉम्प्युटरवर मोठे करून बघितले. ‘वधू पाहिजे’च्या जाहिरातीतले फोन नंबर वाचता येतात. कागदाचे तंतू दिसतात. कोपऱ्यात किंचित कमी आहे. मागच्या झाडाच्या पानांवरचं ऊन कडबोळ्यांसारखं गोल गोल येतं, पण तो या लेन्सचा स्वभाव आहे.

लेन्समध्ये दोष नाही. एवढं लिहायला मला पाच दिवस लागले. आणि हे कळायला गच्चीवर जायची गरजही नव्हती. मला ते २००३ सालापासून माहीत आहे.

तो मे महिना होता. तुझा भाऊ आकाराम तलाठी म्हणून इकडे आला, तेव्हा तुझ्या शब्दावर आमच्याच वरच्या खोलीत राहायचा. आमच्याकडे कांदा-लसूण नाही म्हणून रविवारी खाणावळीत जायचा आणि परत येताना गुणमालाच्या पोरांना खाऊ आणायचा. माझ्या बहिणीची पोरं त्याला मामाच म्हणायची. त्या दिवशी मी तुझी लेन्स घेऊन कृष्णेच्या अलीकडच्या काठावर पक्ष्यांसाठी बसलो होतो. पात्र आटलं होतं. पलीकडे वाळूचा ट्रॅक्टर होता आणि त्याच्यासमोर आकाराम हात वर करून उभा होता. मी सहज फोटो काढला. ट्रॅक्टर थांबला नाही. माझं बोट बटणावरच होतं. एकूण तीन फोटो निघाले.

पुढचं तुला कोर्टात सांगितलं गेलं तेवढंच माहीत आहे. ब्रेक लागला नाही, चालवणारा पगारी ड्रायव्हर बिरदेव होता. बिरदेवनं दोन वर्षं तुरुंगात काढली. आता तो शिरवळला एका कंपनीच्या गेटवर वॉचमन आहे. तो त्या वेळी ट्रॅक्टरवर नव्हताच. चालवत होता तो बाळासो. गुणमालाचा नवरा, माझा मेहुणा. दुसऱ्या फोटोत त्याचा चेहरा सरळ माझ्याकडे आहे. त्याच्या कपाळावरचा घामसुद्धा दिसतो.

मी काठावर होतो हे लोकांनी बघितलं होतं, म्हणून पोलिसांनी फोटो मागितले. त्या दिवशी दुपारी गुणमाला दोन पोरांना घेऊन माझ्या डार्करूमच्या दाराशी बसून होती. मी प्रिंट काढताना एन्लार्जरचा फोकस हातानं थोडा फिरवला. थोडाच. माणूस आहे एवढं कळावं, कोण ते कळू नये. जबाबात लिहून दिलं की लेन्स जुनी आहे, चेहरे स्पष्ट येत नाहीत. निगेटिव्ह कुणी मागितली नाही. मागितली असती तर दिली असती, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो. दिली नसती.

हेही एक वेळ माणूस समजून घेईल. पण आकारामच्या तेराव्याला तू मला गोठ्यामागे नेलंस आणि म्हणालास, “गड्या, ही भंगार लेन्स दिल्लीहून मीच आणली रं. चांगली असती तर माझ्या भावाला मारणारा दिसला असता.” मी तुझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणालो, “तुझा काय दोष.” आणि तुला ती लेन्स परत नेऊ दिली.

तुला लागेल असंही एक लिहितो. फौजेत आयुष्य काढलेला माणूस तू, निगेटिव्ह बघू दे असं एकदाही म्हणाला नाहीस. विश्वास होता म्हणून. त्या विश्वासाचा मला राग यायचा. म्हणून तुझ्या घरच्या लग्नांना आलो नाही, फोन उचलले नाहीत. तुला वाटलं असेल मी मोठा झालो.

परवा गुणमालाला सांगितलं की मी आता हे उघड करणार. बाळासो संस्थेचा चेअरमन आहे, मिटिंगला गेला होता. ती पापड लाटत होती. लाटणं थांबलं नाही. म्हणाली, “अण्णा, तुझं वय झालं, तुला आता मन हलकं करायचंय. तवा मी तुला तोंड गप ठेव म्हणाले न्हवते. मी नुसती बसले हुते.” हे खरं आहे. ती एक शब्द बोलली नव्हती. मग म्हणाली, “ह्या घरात परत येऊ नको.” मी आलो निघून.

वकिलांकडे जाऊन प्रतिज्ञापत्र केलं आहे. ते म्हणाले, इतक्या वर्षांनी बाळासोचं काय होईल सांगता येत नाही, खोट्या जबाबाबद्दल तुमच्यावर मात्र येईल. येऊ दे. निगेटिव्ह त्यांच्याकडे आहे, उद्या सगळं पोलिसांत देतो. सोबत तिन्ही फोटोंच्या नीट काढलेल्या प्रती आहेत. तिसरा एकट्यानं बघ, घरात कुणासमोर उघडू नको.

अंकिता पुढच्या रविवारी लेन्स न्यायला येईल. त्या दिवशी जाताना ती सहज म्हणाली होती, “बाबांचा शेवटचा फोटो ह्याच लेन्सचा ना? घरात आहे, पण त्यात बाबा दिसतच नाहीत.” आकाराम गेला तेव्हा ती दोन वर्षांची होती. तिला मी माझ्या तोंडानं सांगणार आहे. तिच्याआधी तुला कळावं म्हणून हे पत्र कुरिअरनं पाठवतो. तुला तिला माझ्याकडे पाठवायचं नसेल तर नको पाठवू. लेन्स मी मेढ्याला पोचती करीन, आत येणार नाही.

माफी मागत नाही. मागितली तर ती द्यायची की नाही, हेही तुझ्याच डोक्यावर येईल.

आकारामला शेवटचं पाहिलेला,
रायगोंडा